ती दारातच का थांबली?

ताई, नमस्कार. मी छत्तीस वर्षांचा आहे. तेरा वर्षं ॲनिमेशनमध्ये काढली. आधी इनबिट्वीन (दोन मुख्य चित्रांमधली चित्रं), मग कॅरेक्टर ॲनिमेशन आणि गेली चार वर्षं स्टोरीबोर्ड (प्रत्येक शॉटचं आधी काढलेलं चित्र). कामावर सगळे माझ्यावर खूश आहेत, मी नाही. मला खऱ्या माणसांचा सिनेमा दिग्दर्शित करायचा आहे. आठ महिन्यांपूर्वी साठवलेले पैसे घालून सहा पानी संहितेची शॉर्ट फिल्म एका दिवसात शूट केली, सकाळी सात ते संध्याकाळी सात. एक्केचाळीस शॉट्सचा बोर्ड, ॲनिमॅटिक (बोर्डाची चित्रं वेळेत बसवून केलेला कच्चा सिनेमा), शॉटगणिक लेन्स, सगळं ठरलेलं होतं. दिवसअखेर तेवीस शॉट झाले. त्यातला एक अगदी साधा होता: पस्तीस मिलिमीटरची लेन्स, बाई खोलीत येते, खिडकीशी जाते, पत्र उघडते. चौदा टेक घेऊनही तो मनासारखा आला नाही, कारण अभिनेत्री दर वेळी दारातच क्षणभर थांबायची. मी करून दाखवलं, तरी तेच. शेवटी तिने विचारलं, "मी खिडकीशी का जातेय?" मी म्हणालो, "फ्रेम तिथे आहे." युनिटमधलं कोणीतरी हसलं. ते फुटेज मी अजून उघडलेलं नाही. कॅमेरामन म्हणाला, ॲनिमेशनवाल्यांना नट कळत नाहीत. खरंय का? नोकरी सोडून यात पूर्ण वेळ उतरू का? आणि निर्मात्यांना भेटताना ॲनिमेशनचं काम दाखवू की लपवू?
– चौकटीतला

प्रिय चौकटीतला,

तुमच्या कॅमेरामनने दुखणं बरोबर हेरलं, निदान मात्र साफ चुकवलं. ॲनिमेशनवाल्याला नट कळत नाही असं नाही. ॲनिमेशनवाला स्वतःच नट असतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

आठवून बघा. एखादं पात्र चिडून खुर्चीतून उठतंय, एवढं ॲनिमेट करायचं असलं की तुम्ही काय करायचात? स्वतः दहा वेळा चिडून उठायचात. फोन समोर टेकवून स्वतःचाच रेफरन्स शूट करायचात आणि तो फ्रेम-फ्रेम सरकवत बघायचात: आधी खांदा हलला की मान वळली, वजन कोणत्या पायावर गेलं, भुवया कधी आक्रसल्या. मग ते सगळं पात्राच्या अंगात ओतायचात. पात्राला स्वतःचं मत नव्हतं, थकवा नव्हता, शंका नव्हती. तेरा वर्षं तुम्ही अभिनय केलात, फक्त दुसऱ्याच्या देहातून. त्या दिवशी सेटवरही तेच झालं. खिडकीपर्यंतची चाल तुमच्या डोक्यात केव्हाच ॲनिमेट होऊन रेंडरही झालेली होती. समोर आली ती एक जिवंत बाई, आणि तुम्ही तिला रिगसारखं, म्हणजे ॲनिमेशनमधल्या पात्राच्या सांगाड्यासारखं, हलवायला गेलात. करून दाखवल्यावर ती तुमची नक्कल करायला लागली असणार. नक्कल करणारा माणूस त्या खोलीत नसतो, तो पाठांतरात असतो. चौदा टेक त्यात गेले.

हे मी वरून बघून सांगत नाही. ॲनिमेशनच्या लेआऊटमध्ये, म्हणजे शॉटमधली जागा आणि कॅमेरा ठरवण्यात, नऊ वर्षं काढून मी पहिल्यांदा सेटवर गेले, तेव्हा एका ज्येष्ठ नटाला म्हणाले होते, "डोळे थोडे कमी विस्फारा, साधारण सत्तर टक्के." त्यांनी फार शांतपणे विचारलं, "सत्तर टक्के कशाचे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर असतो, त्याचे म्हणायचे होते मला. पुढचा तासभर मी मॉनिटरमध्ये तोंड घालून बसले.

आता त्या दाराकडे येऊ. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१च्या त्यांच्या पुस्तकात मांडलेली बारा तत्त्वं तुम्हाला पाठ असतील. त्यातलं एक अँटिसिपेशन. उडी मारणारा आधी गुडघे वाकवतो, फेकणारा हात आधी मागे जातो. कृतीच्या आधीची उलट्या दिशेची ती छोटी कृती नसेल तर पाहणाऱ्याला हालचाल खोटी वाटते. तुमच्या बोर्डात बाई दारातून आत येते आणि सरळ खिडकीशी जाऊन पत्र उघडते. हातात न उघडलेलं पत्र घेऊन आलेलं माणूस इतकं सरळ चालतं का? ते रेंगाळेल. काहीतरी आवरल्यासारखं करेल. दारात थांबेल. तुम्ही बोर्डात जे अँटिसिपेशन ठेवायला विसरलात, ते ती बाई चौदा वेळा तुमच्या हातात ठेवत होती. तुम्ही ते टायमिंगची चूक म्हणून परत करत राहिलात.

माझा अंदाज चुकलाही असेल. कदाचित तिला उंबऱ्याशी केबल दिसत असेल, किंवा तिला मार्क, म्हणजे उभं राहायची खूण, सापडत नसेल. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून आपल्याला दोघांनाही माहीत नाही.

सेटवर बोलायची भाषा नव्याने शिकावी लागेल, आणि ती विशेषणांची नाही, क्रियापदांची आहे. "उदास दिस", "जरा घाबरलेली वाट", "इथे तणाव हवा" ही सगळी मागणी निकालाची. नट प्रामाणिक असेल तर तो निकाल चेहऱ्यावर चिकटवून दाखवतो, आणि मग आपणच कुरकुरतो की खोटं वाटतंय. त्याऐवजी काम द्या. "पत्र उघडायचं टाळ, जमेल तितका वेळ." "खोलीत कोणी आहे का याची खात्री करून घे." "ते पत्र चांगलं असणार असं स्वतःला पटवत राहा." यातलं प्रत्येक वाक्य दिलंत की चाल वेगळी येईल, थांबणं वेगळ्या जागी येईल, आणि कोणतं आपल्या गोष्टीचं आहे ते तुम्ही निवडाल. पात्राला त्या क्षणी काय हवंय आणि ते मिळवायला ते काय करतंय, हा रशियन नाट्यगुरू स्तानिस्लावस्कींचा प्रश्न आता शंभर वर्षांचा होत आला, तरी सेटवर त्याला पर्याय सापडलेला नाही. तुमच्या अभिनेत्रीने तोच विचारला होता. "मी खिडकीशी का जातेय?" हा अडेलतट्टूपणा नव्हता. ती तुमच्याकडे कामाचं हत्यार मागत होती.

"फ्रेम तिथे आहे" हे उत्तर अगदीच चुकीचं मात्र नाही. प्रकाश खिडकीशी आहे आणि मला तू तिथे हवी आहेस, हे नटाला सरळ सांगता येतं. अनुभवी नट स्वतःच कारण शोधून काढतात, त्यांची त्याला ना नसते. फक्त मग ते कारण त्यांचं असतं, आणि खिडकीपर्यंत कसं जायचं हेही त्यांचं.

एक नियम मी स्वतःला घालून घेतला होता, तुम्हीही घ्या. सेटवर नटाशी बोलताना हात खिशात. करून दाखवायचं नाही, म्हणजे नाही. पहिले काही दिवस जीभच उचलणार नाही, कारण आजवर हातच बोलत आलेत. तेव्हा कळेल की आपल्याला नेमकं काय हवंय ते आपण शब्दांत कधी मांडलेलंच नव्हतं. याहून मोठं औषध म्हणजे स्वतः नट म्हणून उभं राहणं. एखाद्या नाट्यशिबिरात तीन महिने जा. दिग्दर्शन शिकायला नव्हे, भूमिका करायला. कोणीतरी तुम्हाला "जरा अजून एनर्जी" असं म्हणू द्या, आणि त्या वाक्याचं करायचं काय हे न कळून घाम फुटू द्या. माझ्या पाहण्यातले ॲनिमेशनमधून येऊन टिकलेले बहुतेक जण या ना त्या रूपात यातून गेलेत.

आता हिशोब. तो तुमच्या पत्रात लपून बसलाय आणि मला तो नटांच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो. सात ते सात म्हणजे बारा तास. जेवणाचा एक तास वजा केला तर सहाशे साठ मिनिटं राहतात. त्यात एक्केचाळीस शॉट बसवायचे तर शॉटमागे सोळा मिनिटं. त्या सोळा मिनिटांत कॅमेरा हलवायचा, लाइट लावायचे, रिहर्सल करायची, फोकसच्या खुणा करायच्या, टेक घ्यायचे, कंटिन्युइटी (शॉटगणिक वेश, वस्तू, हालचाली जुळतात का याची नोंद) लिहायची. सहा पानं म्हणजे ढोबळमानाने पडद्यावरची सहा मिनिटं, आणि एवढी पानं एका दिवसात काढताना मुरलेल्या युनिटचीही दमछाक होते. तुमचे तेवीस झाले, तेही एका शॉटवर चौदा टेक खर्चून. खरं सांगू, मला तुमच्या युनिटचं कौतुक वाटलं.

पण ते तेवीस कोणत्या क्रमाने घेतलेत? पत्रात लिहिलेलं नाही, तरी पैज लावते: बोर्डाच्या क्रमाने. आपण सगळे पहिल्यांदा हेच करतो, कारण ॲनिमेशनमध्ये शॉट चार आणि शॉट एकोणीस एकाच जागेवरून असले तरी काही बिघडत नाही, कॅमेरा फाईलमध्ये सेव्ह असतो. सेटवर तो जड असतो, त्याच्या मागे लाइट असतात, आणि खिडकीतला सूर्य तुमची वाट बघत नाही. म्हणून शॉट नव्हे, सेटअप, म्हणजे कॅमेरा-लाइटच्या मांडण्या, मोजायचे. खिडकीच्या दिशेने बघणारं जे जे आहे ते एकदम उरकायचं, मग कॅमेरा फिरवून दाराच्या दिशेचं. तुमचा एक्केचाळीस शॉट्सचा बोर्ड असा लावून बघा. मला वाटतं चौदा-पंधरा सेटअपमध्ये तो बसेल. आणि या वेळी फर्स्ट एडी (पहिला सहायक दिग्दर्शक) घ्या, मित्र नव्हे, काम केलेला. घड्याळ त्याच्या हातात, गोष्ट तुमच्या. ही दोन्ही ओझी एकाच डोक्यावर घेतली की दुपारनंतर तुम्ही नटाकडे बघणं सोडून देता.

आवाजाबद्दल तुम्ही चकार शब्द काढलेला नाही, म्हणून एवढंच सांगते: आपल्या ॲनिमेशनमध्ये आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि चित्र त्यावर बेततो, त्यामुळे सेटवर तो आपल्या डोक्यातच नसतो. चांगला साऊंड रेकॉर्डिस्ट घ्या, आणि पॅक-अपआधी सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसत्या खोलीचा आवाज घ्यायला लावा. एडिटला बसाल तेव्हा त्या अर्ध्या मिनिटाचे उपकार वाटतील.

याहून खोलवरचा फरक संकलनाचा आहे. ॲनिमेशनमध्ये सिनेमा आधी कापला जातो आणि मग बनवला जातो. ॲनिमॅटिक लॉक झाल्याशिवाय कोणी पुढच्या फ्रेमला हात लावत नाही, कारण फेकून द्यायला जादा फुटेज परवडतच नाही, एकेका ॲनिमेटरकडून आठवड्याला जेमतेम काही सेकंद निघतात. लाइव्ह ॲक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या माणसांच्या सिनेमात, बरोबर उलटं. तिथे शूटिंग ही सामान जमवायची वेळ. सिनेमा नंतर, अंधाऱ्या खोलीत सापडतो. तुम्ही ॲनिमॅटिकमध्ये लागेल तेवढंच नेमकं घ्यायला गेला होता. बाई दारात थांबल्यामुळे शॉट दीड सेकंदाने लांबला आणि तुमचा लॉक झालेला कट बिघडला. खरं त्रासाचं कारण ते. आठ फ्रेम जास्त झाल्या तरी ज्याला खुपतात असा माणूस तुम्ही. ती नजर पुढे उपयोगी पडणार आहे, पण एडिट टेबलवर. सेटवर नाही.

अँड्र्यू स्टँटन यांचं उदाहरण या बाबतीत मला फार बोलकं वाटतं. 'फाइंडिंग निमो' (२००३) आणि 'वॉल-ई' (२००८) करणारा माणूस. पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओत गोष्ट पडद्यावर येण्याआधी स्टोरी रील्सच्या (ॲनिमॅटिकसारख्या कच्च्या सिनेमाच्या) रूपात पुन्हा पुन्हा मोडून रचली जाते, तीच त्यांची वर्षानुवर्षांची सवय. २०१२मध्ये त्यांचा पहिला लाइव्ह ॲक्शन सिनेमा 'जॉन कार्टर' आला. तिथे पुनर्लेखन म्हणजे पुन्हा सेट, पुन्हा नट, पुन्हा युनिट. सिनेमा आपटला आणि डिस्नेने सुमारे वीस कोटी डॉलरचा तोटा धरल्याचं जाहीर केलं. सगळा दोष पद्धतीचा नव्हता. जाहिरात गंडली, खर्च सुरुवातीपासूनच अवाढव्य होता. पुढचं कमी लोक सांगतात. ते परत ॲनिमेशनकडे गेले, २०१६मध्ये 'फाइंडिंग डोरी' केला, आणि मग पुन्हा लाइव्ह ॲक्शनमध्ये आले ते मालिकांचे भाग दिग्दर्शित करायला. २०१७च्या 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या दुसऱ्या पर्वातले दोन भाग त्यांचे आहेत. मालिकेत घड्याळ कडक असतं, नट पात्राला तुमच्यापेक्षा जास्त ओळखत असतात, आणि मोडून पुन्हा रचायची चैन नसते. एवढ्या मोठ्या माणसाने ही पायरी चढायला कमीपणा मानला नाही, हे मला 'निमो'इतकंच आवडतं.

खटके उडाले म्हणून उमेद सोडत असाल तर टेरी गिलियम आठवा. कागदी कात्रणं हलवून मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी गटाचं ॲनिमेशन करणारा हा माणूस १९७५च्या 'होली ग्रेल'चा टेरी जोन्स यांच्यासोबत सहदिग्दर्शक होता. फ्रेम हवी तशी लागेपर्यंत तो अडून बसायचा आणि अवघडलेल्या वेशात ताटकळणारे त्याचेच मित्र वैतागायचे. कात्रणं वैतागत नाहीत. शेवटी जोन्स यांनी नटांकडे जास्त बघायचं आणि गिलियमने कॅमेऱ्याकडे, अशी वाटणी होत गेली. पुढे तो केवढा मोठा दिग्दर्शक झाला ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या सेटवर तर फक्त कोणीतरी हसलं.

नोकरीचं. सोडू नका, निदान या वर्षी. कारण पैशाचं आहेच, पण तेवढंच नाही. नोकरी सोडली की पुढच्या फिल्मवर "हिने माझं आयुष्य उभं केलं पाहिजे" असं ओझं येतं, आणि तशा फिल्ममध्ये माणूस पुन्हा एक्केचाळीस शॉट ठरवून जातो. तुम्हाला आत्ता हव्यात त्या फुटकळ, विसरून जाता येतील अशा फिल्म. टिम बर्टन डिस्नेत ॲनिमेटर होते. १९८४मध्ये त्यांनी तिथेच 'फ्रँकनवीनी' ही अर्ध्या तासाची लाइव्ह ॲक्शन फिल्म केली, आणि त्यानंतर १९८५मध्ये त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा आला. मधली पायरी छोटी होती, पण होती.

तुमची पायरी अशी करा. दोन नट, एक खोली, एक दार. दोन पानांची संहिता. बोर्ड आधी काढायचा नाही. मला माहीत आहे, हे तुम्हाला कपडे न घालता बाहेर जा म्हटल्यासारखं वाटेल. आदल्या दिवशी त्याच खोलीत नटांसोबत चार तास रिहर्सल करा, कॅमेरा न नेता. ते कुठे उभे राहतात, कुठे अडखळतात, कोण कोणाकडे पाठ करतं ते नुसतं बघा, आणि घरी येऊन जे घडलं त्याचा बोर्ड काढा. आधी माणसं, मग चित्र. दुसऱ्या दिवशी एकाच लेन्सवर शूट करा, पस्तीसच ठेवा, तुमची आवडती दिसतेय. झूम नाही, क्रेन नाही. सॉफ्टवेअरमधला कॅमेरा भिंतीतून आरपार जातो. खोलीतली भिंत पाठीला लागली की लेन्स म्हणजे जागेचा हिशोब, हे एका दुपारी कळतं. अशा तीन करा. त्यातली एखादी बरी होईल. दोन कोणाला दाखवूही नका.

याच वर्षात सगळी साठवलेली रजा जोडून दुसऱ्या कोणाच्या तरी शूटिंगवर जा. बोर्ड आर्टिस्ट म्हणून बोलावणं सहज येईल. ते घ्या, पण मानधनात तडजोड करून "शूटिंगचे सगळे दिवस सेटवर राहू द्या" ही अट घाला. जमलं तर कंटिन्युइटी सांभाळा. लोक ते कारकुनी काम समजतात. मला विचाराल तर सेटवरची ती सगळ्यात उत्तम खुर्ची आहे, दिग्दर्शकाच्या शेजारची. प्रत्येक टेकमध्ये नेमकं काय बदललं आणि दिग्दर्शक काय बोलल्यामुळे बदललं, हे पाहायचे तुम्हाला तिथे पैसे मिळतात.

व्हीएफएक्स (संगणकी दृश्यपरिणाम) सुपरवायझर किंवा प्रीव्हिज (शूटिंगआधी संगणकावर दृश्य रचून बघणं) या वाटेने आत शिरायचा मोह होईल, कारण तिथे तुम्हाला लगेच मान मिळेल. मी त्या वाटेने गेले आणि तीन वर्षं हिरव्या पडद्यापाशी उभी राहिले. दिग्दर्शकापासून पंधरा फुटांवर, पण नटांपासून मैलभर लांब. शिक्का बसतो. एखादा सिनेमा करा, मुक्काम करू नका.

उशीर झाला का, असं तुम्ही विचारलेलं नाही, तरी वयाचा आकडा पहिल्याच ओळीत आहे. ॲनिमेशनमधूनच आलेल्या ब्रॅड बर्ड यांचा पहिला लाइव्ह ॲक्शन सिनेमा २०११चा 'मिशन इम्पॉसिबल'चा चौथा भाग, तेव्हा ते पन्नाशी ओलांडून गेले होते. २०१८मध्ये ते पुन्हा 'इन्क्रेडिबल्स' या ॲनिमेशनपटाकडे वळले. म्हणजे इकडून तिकडे गेलात की परतीचा रस्ता बंद होतो असंही नाही.

आणि रीळ, म्हणजे तुमच्या ॲनिमेशनच्या कामाचे नमुने. दाखवा. लपवायचा विचार डोक्यात आलाच कसा? दादासाहेब फाळक्यांनी १९१२मध्ये वाटाण्याचं रोप उगवताना एकेक फ्रेम करून टिपलं, आणि ती चिमुकली फिल्म दाखवून 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभं केलं. आपल्याकडच्या पहिल्या कथापटाचा शोरील फ्रेम-बाय-फ्रेमच होता. भीमसैन फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेच्या कार्टून विभागात पार्श्वभूमी रंगवायचे. 'एक अनेक और एकता'चं ॲनिमेशन त्यांचं, आणि १९७७चा 'घरौंदा'ही त्यांचाच. घर शोधणारं एक जोडपं, बस. कुठे चमत्कृती नाही, कॅमेऱ्याची कसरत नाही. ज्याला फ्रेममध्ये हवं ते रंगवता येत होतं, त्याने दोन माणसांच्या तोंडाकडे बघायचं ठरवलं. दक्षिण कोरियाचे यॉन सांग-हो यांनी २०११मध्ये 'द किंग ऑफ पिग्ज' हा शाळेतल्या क्रौर्याचा ॲनिमेशनपट केला, आणि २०१६मध्ये 'ट्रेन टू बुसान' हा त्यांचा पहिला लाइव्ह ॲक्शन सिनेमा आला. झॉम्बी बाजूला काढले तर विषय तोच: दडपणाखाली माणसं एकमेकांशी किती नीच वागू शकतात. ते आपला विषय घेऊन आले, नुसतं कौशल्य घेऊन नाही. निर्मात्याला तुमच्या कामात तेच शोधायचं असतं.

म्हणून रीळ कापताना सुंदर शॉट टाकू नका. तेरा वर्षांतलं असं दीड-दोन मिनिटांचं निवडा ज्यात दोन पात्रांमध्ये काहीतरी घडतं, भले चित्र साधं असो, नुसता बोर्ड असो. स्टुडिओची परवानगी लागेल ती आधी काढा. त्याच्या शेजारी त्या तीनपैकी बरी जमलेली फिल्म ठेवा. निर्माता पहिल्याच भेटीत विचारेल, "पण नटांना सांभाळू शकाल?" त्यावर भाषण करू नका, फिल्म लावा.

राहिलं ते फुटेज. या आठवड्यात उघडा. ॲनिमॅटिक दुसऱ्या स्क्रीनवर ठेवायचं नाही, बंद करा. त्या चौदापैकी पहिले दोन-तीन टेक आधी बघा, तुम्ही करून दाखवण्याच्या आधीचे. नंतरच्यांमध्ये ती नाही, तुम्ही आहात. दारातलं थांबणं पूर्ण लांबीचं ठेवा आणि त्याच्या आधीचं-नंतरचं कापून काय होतं ते बघा. कदाचित खिडकीपर्यंत जायची गरजच पडणार नाही.

आणि तिला फोन करा. तुमच्या पत्रात लेन्स आहे, शॉट्सची संख्या आहे, टेकची संख्या आहे. ती कोण, आधी काय काम केलंय तिने, तुमच्या संहितेबद्दल तिला काय वाटलं होतं, यातलं काहीच नाही. कट झाल्यावर तिला बोलवा, शेजारी बसवून दाखवा, आणि दारात का थांबत होतीस, असं सरळ विचारा. ती सांगत असताना मनातल्या मनात फ्रेम लावू नका.

– ताई